सिअ‍ॅटल शहराकडे जातीय भेदभावाची तक्रार केल्यावर नेमके काय घडते?

वर्धाकाठ

नमस्कार. मी गेली पाच वर्षे सिअ‍ॅटलमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. इथे लिहावे की नाही, या विचारात दोन आठवडे गेले. ज्या अमेरिकन मैत्रिणींना विचारले त्यांना मुळात प्रश्नच कळला नाही आणि ज्या मराठी ओळखीच्यांना तो चटकन कळला असता त्यांना विचारण्याचा धीर झाला नाही. म्हणून नाव न सांगता इथे विचारते आहे.

गेल्या वर्षी आमच्या गटाचे प्रमुख बदलले. नवे प्रमुख मराठीच आहेत आणि सुरुवातीला मला त्याचा आनंदच झाला होता. माझे आडनाव गावावरून पडलेले आहे, त्यामुळे त्यावरून लगेच काही उलगडत नाही. पहिल्या आठवड्यात जेवताना त्यांनी गाव विचारले, मग गावात घर कोणत्या बाजूला होते ते विचारले, आणि शेवटी कुलदैवत कोणते ते विचारले. आम्ही बौद्ध आहोत, असे मी सांगितले. त्यांनी पोळीचा तुकडा मोडत मान न उचलता "अच्छा, अच्छा" एवढेच म्हटले आणि शेजारच्या सहकाऱ्याशी शाळांच्या प्रवेशाबद्दल बोलायला सुरुवात केली. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोललेले नाहीत.

एप्रिलमध्ये मी टेबलावर बाबासाहेबांचा एक लहानसा फोटो ठेवला. तो पाहून एका सहकाऱ्याने, प्रमुख तिथे उभे असताना, "तुझी इंजिनिअरिंगची सीट कोट्यातली होती का?" असे विचारले. प्रमुख हसले. आमच्या गटातली चार मराठी माणसे दर शुक्रवारी एकत्र जेवायला जातात आणि पुढच्या आठवड्याची कामे बहुधा त्याच टेबलावर वाटली जातात. मे महिन्यापासून मला ते बोलावणे येणे बंद झाले. जुलैमध्ये, जे काम मी दोन वर्षे उभे केले होते ते कोणतेही कारण न देता दुसऱ्याकडे गेले, आणि सहामाही मूल्यमापनात "संघात मिसळत नाही" असा शेरा आला. त्याआधीची माझी चारही मूल्यमापने चांगली आहेत.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, आणि माझ्या आईचे औषधपाणी माझ्या पगारावर चालते. सिअ‍ॅटलने 2023 मध्ये जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी घरी एकटीनेच पेढे वाटले होते. परंतु तो कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, तक्रार कोणाकडे करायची, ते लोक जात समजून घेतात का, कंपनीला लगेच कळते का आणि व्हिसावर काही परिणाम होतो का, याची कोणी अनुभवाने माहिती दिली तर मी ऋणी राहीन.

तळ्याकाठी

ताई, तुम्ही हे लिहिलेत ते फार बरे केलेत. जातीच्या तक्रारीचा अनुभव माझ्याकडे नाही, मात्र त्याच कार्यालयाकडे घराबाबतची तक्रार घेऊन मी गेलो होतो, आणि कार्यपद्धती बहुतांशी तीच असल्यामुळे ती सविस्तर सांगतो.

या कार्यालयाचे नाव सिअ‍ॅटल ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स असे आहे. ते महानगरपालिकेचे खाते आहे. तिथे पोलीस नसतात आणि कोणाला अटकही होत नाही. आपल्याकडे अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा म्हटला की पोलीस ठाणे, गुन्हा नोंदवून घेण्यासाठी ताटकळणे आणि फौजदारी खटला डोळ्यांसमोर येतो. इथली सगळी प्रक्रिया दिवाणी स्वरूपाची आहे. फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे अशी अट नाही, आणि दुभाषा मागितल्यास तो विनामूल्य मिळतो. तुमचे इंग्रजी उत्तम असणार, तरीही ज्या गोष्टी मराठीत घडल्या त्या मराठीतच सांगायची सोय आहे हे लक्षात असू द्या.

माझी हकीकत थोडक्यात अशी. एका घरमालकाने फोनवर घर रिकामे असल्याचे सांगितले, मी आणि पत्नी पाहायला गेलो तेव्हा ते गेल्याचे सांगितले, आणि निघताना "तुमच्या लोकांच्या स्वयंपाकाचा वास भिंतींतून जात नाही" असेही ऐकवले. जाहिरात मात्र पुढचे दहा दिवस तशीच होती. कार्यालयात पहिल्यांदा प्राथमिक चौकशी होते. माझ्याशी एक बाई पाऊण तास बोलल्या. मला किती वाईट वाटले, याबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला. बाकी सगळे प्रश्न तारीख, वेळ, जागा, कोण उभे होते, नेमके शब्द कोणते, आणि तशाच परिस्थितीत दुसऱ्या माणसाला कसे वागवले गेले, याबद्दल होते. मला तेव्हा ते कोरडे वाटले होते. नंतर समजले की सगळी तक्रार त्या शेवटच्या प्रश्नावर उभी राहते. ते घर आमच्यानंतर कोणाला दाखवले गेले, हेच पुढे निर्णायक ठरले.

प्रकरण आपल्या अधिकारात बसते असे त्यांना वाटले की ते स्वतः तक्रारीचा मसुदा तयार करतात. त्याला ते चार्ज म्हणतात. तो वाचून, दुरुस्त करून, शपथेवर सही करावी लागते. सही झाल्यावर त्याची प्रत समोरच्या पक्षाकडे जाते, म्हणजे त्या क्षणापासून कंपनीला कळते आणि तुमचे नावही कळते. निनावी चार्ज होत नाही. प्राथमिक चौकशीपुरते बोलून, विचार करून, सही न करता परत येण्याचा मार्ग मात्र मोकळा असतो, म्हणून पहिला फोन करायला घाबरू नका.

त्यानंतर एक तपास अधिकारी नेमला जातो. तो तुमचा वकील नसतो, ही गोष्ट मला उशिरा उमगली आणि तोवर मी त्याच्याकडून उगाचच सहानुभूतीची अपेक्षा करत राहिलो. तो दोन्ही बाजूंची कागदपत्रे मागवतो, साक्षीदारांशी बोलतो आणि शेवटी भेदभाव झाला असे मानायला वाजवी कारण आहे किंवा नाही, एवढा निष्कर्ष लिहितो. कारण नाही असे ठरले तर माझ्या वेळी तीस दिवसांच्या आत शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे अपील करता येत असे; आता ती सोय आहे का, ते विचारून घ्या. कारण आहे असे ठरले तर आधी समेटाचा प्रयत्न होतो, आणि तो फसला तर प्रकरण शहराच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयामार्फत हिअरिंग एक्झामिनरसमोर, म्हणजे सुनावणी घेऊन निर्णय देणाऱ्या शहराच्या अधिकाऱ्यासमोर, जाते. तडजोड मात्र अधल्यामधल्या कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते. आमची तडजोड चौदाव्या महिन्यात झाली. काही रक्कम मिळाली आणि त्या मालकाला भाडेकरू निवडण्याचे नियम लेखी करून लावावे लागले. चौदा महिने हा काळ मोठा आहे, आणि त्याची मनाची तयारी ठेवूनच पाऊल टाकावे.

सरळरेषा

वरील प्रतिसादातील कार्यपद्धतीशी मी सहमत आहे. मी कामगारांच्या तक्रारींमध्ये स्वयंसेवक म्हणून मदत करते. वकील नाही, तेव्हा खालील माहितीची एखाद्या रोजगार कायद्याच्या वकिलाकडून खात्री करून घ्यावी, ही विनंती.

सर्वांत पहिला प्रश्न असा की तुमचे कामाचे ठिकाण सिअ‍ॅटल शहराच्या हद्दीत आहे का? आपल्या लोकांची इथे फार गल्लत होते. आपण सगळेच "मी सिअ‍ॅटलला असतो" असे सांगतो, परंतु आपल्यापैकी कित्येकांची घरे आणि कचेऱ्या रेडमंड, बेल्व्ह्यू, बॉथेल किंवा समॅमिशमध्ये असतात. ती स्वतंत्र शहरे आहेत आणि सिअ‍ॅटल महानगरपालिकेचा हा कायदा शहराच्या पूर्वेच्या लेक वॉशिंग्टन तलावाच्या पलीकडे लागू होत नाही. एवढेच कशाला, व्हाइट सेंटर आणि स्कायवेसारख्या भागांत टपालाच्या पत्त्यावर सिअ‍ॅटल असे छापलेले असते, तरीही ते भाग शहराच्या हद्दीबाहेर येतात. एकाच कंपनीच्या दोन इमारतींत बसणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला जातीबाबतचे हे संरक्षण असते आणि दुसऱ्याला नसते. हे मला अन्यायकारक वाटते, पण शहराच्या कायद्याचा हात शहराच्या वेशीपर्यंतच पोहोचतो. तुम्ही काही दिवस घरून काम करत असाल तर तेही पहिल्याच फोनमध्ये सांगा.

दुसरा प्रश्न मुदतीचा. नोकरीतील भेदभावाची तक्रार घटना घडल्यापासून अठरा महिन्यांच्या आत शहराकडे दाखल करता येते. पूर्वी ही मुदत 180 दिवसांची होती, 2018 मध्ये ती वाढवण्यात आली. घराबाबतच्या तक्रारीला एक वर्ष मिळते. राज्याच्या मानवी हक्क आयोगाकडे नोकरीविषयक तक्रार सहा महिन्यांत करावी लागते आणि केंद्राच्या समान रोजगार आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, वॉशिंग्टन राज्यात 300 दिवसांची मुदत आहे. आणखी एक फरक असा की राज्याचा कायदा किमान आठ कर्मचारी असलेल्या मालकाला आणि केंद्राचा किमान पंधरा कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होतो, तर शहराच्या कायद्याला एक कर्मचारीही पुरतो. राज्याच्या व केंद्राच्या कायद्यात जात हा शब्द आलेला नाही; तिथे वंश, पूर्वजपरंपरा, मूळ देश किंवा धर्म यांच्या आधारे मांडणी करावी लागते. तुमच्या बाबतीत धर्माचाही मुद्दा आहे, कारण "आम्ही बौद्ध आहोत" या उत्तरानंतर वागणूक बदलली. चार्ज लिहिताना जात आणि धर्म ही दोन्ही कारणे नोंदवायला सांगा, एकच निवडू नका.

व्हिसाबद्दल. शहराचे कर्मचारी तुमच्या वास्तव्याच्या दर्जाची चौकशी करत नाहीत; तसा नियम 2003 पासून आहे. नागरिकत्व व स्थलांतरित दर्जा यांवरून भेदभाव करायलाही शहराच्या कायद्याने मनाई आहे. तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. खरा धोका तुम्ही म्हणता तोच, म्हणजे नोकरी जाण्याचा. तक्रार केल्याबद्दल सूड उगवणे हा त्याच कायद्याखाली स्वतंत्र अपराध आहे आणि मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी सूडाची तक्रार टिकू शकते. परंतु कायद्याने मनाई आहे म्हणून सूड उगवला जाणारच नाही, असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. दुसऱ्या नोकरीची चाचपणी आजपासूनच शांतपणे सुरू ठेवा.

आता एक अत्यंत महत्त्वाची सूचना. प्रमुखांशी होणारे बोलणे फोनवर गुपचूप रेकॉर्ड करू नका. वॉशिंग्टन राज्यात खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करायला सर्व सहभागी व्यक्तींची संमती लागते. भारतात किंवा अमेरिकेच्या इतर काही राज्यांत चालते म्हणून इथे तसे केले तर तुम्हीच कायद्याच्या कचाट्यात सापडाल. त्याचप्रमाणे कंपनीची गोपनीय कागदपत्रे स्वतःच्या मेलवर पाठवू नका. त्याऐवजी घरी एक साधी वही घाला. ज्या दिवशी जे घडले ते त्याच रात्री, ज्या भाषेत घडले त्याच भाषेत, तारखेसह लिहा. मागच्या घटना आठवून लिहिल्या असतील तर तसे स्पष्ट नमूद करा. मनुष्यबळ विभागाकडे तक्रार करणार असाल तर ती तोंडी करू नका, मेलने करा आणि त्यात "जात" हा शब्द वापरा. "माझे प्रमुखांशी पटत नाही" अशा मोघम भाषेत लिहिलेली तक्रार पुढे सूड सिद्ध करायला उपयोगी पडत नाही, कारण ती भेदभावाबद्दल होती हेच दिसत नाही.

पाऊसपाणी

माझे मत येथील बऱ्याच वाचकांना रुचणार नाही, तरी ते प्रामाणिकपणे मांडतो. ताईंच्या बाबतीत जे घडले ते निंद्य आहे आणि त्यांनी दाद मागावीच. माझा आक्षेप या विशिष्ट कायद्याला आहे. पूर्वजपरंपरा, मूळ देश आणि धर्म या आधारांवर भेदभाव करायला आधीपासून बंदी होती. कॅलिफोर्नियात तसाच कायदा करणारे विधेयक विधिमंडळात मंजूर झाल्यावर राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला तो याच कारणासाठी: विद्यमान कायद्यात हे संरक्षण आहेच. सिअ‍ॅटलच्या कौन्सिलमध्येही विरोधी मत देणाऱ्या सारा नेल्सन यांनी, एका समाजाकडे संशयाने पाहिले जाईल, अशी चिंता मांडली होती. माझ्या मुलाला शाळेत "तुझी जात कोणती?" असे विचारले गेले. तोपर्यंत त्याला तो शब्दही ठाऊक नव्हता. प्रत्येक भारतीय व्यवस्थापकाकडे आधी जात पाळणारा माणूस म्हणून पाहिले जाऊ लागले तर त्याची भरपाई कोण करणार?

रेनियरची सावली

पाऊसपाणी, तुमच्या मुलाला तो प्रश्न ऐकावा लागला याचे मला दुःख आहे. पण ताईंना तोच प्रश्न जेवणाच्या टेबलावर कुलदैवताच्या आडून विचारला गेला, आणि त्यांना तो शब्द लहानपणापासून ठाऊक होता. दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत. एकाच्या उत्तरावर मात्र नोकरी अवलंबून होती.

21 फेब्रुवारी 2023 रोजी कौन्सिलने सहा विरुद्ध एक मतांनी हा बदल मंजूर केला त्या दिवशी मी सिटी हॉलमध्ये होतो. प्रस्ताव मांडणाऱ्या तेव्हाच्या कौन्सिल सदस्य क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या, आणि स्वतः ब्राह्मण कुटुंबातल्या. बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्या दोन्ही रांगांत मराठी कानावर पडत होती, हे मी कधी विसरणार नाही. कायद्यात जी व्याख्या आहे ती वाचून पाहा. जन्माने मिळणारा दर्जा, जातीतच विवाह, आणि रूढी, कायदा किंवा धर्म यांनी मान्य केलेली सामाजिक बंधने ही लक्षणे असलेली ताठर उतरंड, असा तिचा आशय आहे. त्या व्याख्येत कोणत्याही धर्माचे किंवा देशाचे नाव नाही. उद्या एखाद्या गटात सगळे वरिष्ठ एका मागास जातीचे असले आणि त्यांनी एखाद्या ब्राह्मण मुलाला त्याच्या जातीवरून डावलले, तर तोही याच कायद्याखाली, याच कार्यालयात, याच अर्जावर तक्रार करू शकतो. कायदा घटनाबाह्य असल्याचा दावा करणारा एक खटला केंद्रीय न्यायालयात दाखल झाला होता. तो करणारी व्यक्ती उत्तर कॅरोलायनात राहणारी होती, आणि दावा करण्याइतके नुकसान तिला दाखवता न आल्यामुळे तो 2024 मध्ये फेटाळला गेला.

विद्यमान कायदा पुरेसा होता, हा तुमचा मुद्दा मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण कायद्याच्या पुस्तकात पाहिले तर त्यात तथ्य आहे. अडचण तक्रार घेणाऱ्याच्या टेबलावर येते. 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने एका बड्या तंत्रज्ञान कंपनीविरुद्ध जातीय भेदभावाचा खटला भरला तेव्हा राज्याच्या कायद्यात तो शब्द नसल्यामुळे जात ही पूर्वजपरंपरेत मोडते का, धर्मात मोडते का, यावरच वाद होत राहिला. 2023 मध्ये दोन व्यवस्थापकांविरुद्धचा दावा त्या खात्याने मागे घेतला, कंपनीविरुद्धचा चालू ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच देशातून, बहुधा एकाच भाषेतून आलेल्या दोन माणसांमध्ये "मूळ देशावरून" भेदभाव कसा झाला, हे ज्याने आयुष्यात जात पाहिली नाही त्या अधिकाऱ्याला पटवून देत बसणे तक्रारदाराच्या वाट्याला येते. शब्द कायद्यात आला की निदान तो पहिला तास वाचतो.

या शहराला असा एक शब्द कायद्यात घालायला पूर्वी किती वेळ लागला, तेही सांगतो, कारण मी जिथे राहतो त्या भागातल्या जुन्या खरेदीखतांत "हे घर गोऱ्यांव्यतिरिक्त कोणालाही विकू अथवा भाड्याने देऊ नये" या अर्थाची अट मी स्वतः वाचली आहे. घर विकताना वा भाड्याने देताना वंशभेद करू नये असा नियम करण्याचा प्रस्ताव मार्च 1964 मध्ये सिअ‍ॅटलच्या मतदारांसमोर ठेवला गेला आणि त्यांनी तो 1,15,627 विरुद्ध 54,448 मतांनी फेटाळला. 1967 मध्ये सॅम स्मिथ हे शहराच्या कौन्सिलवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि 19 एप्रिलला कौन्सिलने तोच नियम एकमताने मंजूर केला. तेव्हाही, घर कोणाला द्यावे हा मालकाचा खासगी प्रश्न आहे, असेच सांगितले जात होते. त्या नियमाच्या आधीच, 1963 मध्ये, शहराने मानवी हक्क आयोग नेमला होता, आणि तळ्याकाठी यांनी ज्या आयोगाकडे अपील करता येत असे म्हणून सांगितले तो हाच. पुढे लिंग, वैवाहिक स्थिती, लैंगिक कल, अपंगत्व, राजकीय विचारसरणी असे एकेक आधार त्या यादीत येत गेले. प्रत्येक वेळी, हे आधीपासून कायद्यात आहेच, असे म्हणणारे होते.

माझी तक्रार वेगळ्या बाजूची आहे. शहराने शब्द घातला, पण दारात येऊन तो उच्चारण्याचे बळ माणसांत कसे यावे यासाठी फार कमी केले. घरभाड्याच्या बाबतीत हेच कार्यालय स्वतःहून चाचणी करते: सारखे उत्पन्न आणि सारखी पार्श्वभूमी दाखवणारी दोन माणसे एकाच मालकाकडे पाठवली जातात, दोघांना मिळालेली वागणूक ताडून पाहिली जाते, आणि फरक आढळला तर संचालक स्वतःच्या नावाने चार्ज दाखल करू शकतात. कोणाही भाडेकरूला नाव द्यावे लागत नाही. कार्यालयातल्या जातीभेदाची अशी चाचणी घेता येत नाही, कारण जात बघून ओळखता येत नाही, ती विचारून घ्यावी लागते. म्हणून इथे सगळा भार त्या एकट्या माणसावर पडतो जो आपले आडनाव सांगताना आधीच क्षणभर थांबलेला असतो. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या पत्रिकेसोबत या कार्यालयाचा पत्ता छापायला काय हरकत आहे, असे मी एका बैठकीत विचारले होते. विषय पुढे ढकलला गेला. मी तो पुन्हा मांडणार आहे.

पाऊसपाणी

व्याख्येत देशाचे नाव नाही हे खरे; मी आजवर मूळ मजकूर न वाचताच बोलत होतो, हे मान्य करतो. पूर्वजपरंपरेचा आधार पुरेसा होता, हे माझे मत कायम आहे. ताईंना साक्षीदार लागले आणि माझ्या ओळखीचे कोणी त्या गटात असले तर त्यांनी खरे ते सांगावे, यासाठी मी माझ्याकडून प्रयत्न करीन.

वर्धाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझी कचेरी डाउनटाउनमध्ये आहे आणि आठवड्यातले चार दिवस मी तिथेच असते, म्हणजे हद्दीचा प्रश्न सुटला असे दिसते. काल रात्री वही घेऊन बसले. मला वाटले होते की चार-पाच घटना असतील. लिहिता लिहिता सतरा झाल्या. त्यांतल्या सहा अशा आहेत की ज्यांच्या वेळी तिसरी व्यक्ती हजर होती, आणि शुक्रवारच्या जेवणाची बोलावणी कॅलेंडरमध्ये कोणाकोणाला गेली तेही मला अजून दिसते. जुलैची घटना धरली तर अठरा महिन्यांपैकी बराच काळ हातात आहे, मात्र कुलदैवताचा प्रश्न त्याच्या बराच आधीचा आहे. प्राथमिक चौकशीसाठी पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे.

एक शंका उरली. ज्या दिवशी सगळे बदलले त्या दिवशी त्यांनी जातीचा उच्चार केलाच नव्हता. गाव, घराची बाजू आणि कुलदैवत, एवढेच विचारले होते. चौकशी करणाऱ्या बाईंना वाटेल की हा माणूस आपुलकीने विचारपूस करत होता. हे मी कसे समजावू?

सरळरेषा

मंगळवारची वेळ घेतलीत हे उत्तम केलेत. जुन्या घटनेची मुदत संपू नये यासाठी चार्जवर सही करायची झाल्यास फार लांबवू नका. कोणत्या घटना मुदतीत धरल्या जातात ते त्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या.

तुमच्या शंकेबद्दल असे सुचवते. आधी अर्थ सांगू नका, आधी क्रम सांगा. त्यांनी हे तीन प्रश्न गटातल्या इतर कोणाला विचारले होते का, ते आठवा. अमराठी सहकाऱ्यांना विचारले नसतील तर ते पहिले वाक्य. मग प्रत्येक प्रश्नाने काय कळते ते एकेका ओळीत लिहून न्या. आपल्याकडच्या अनेक गावांत वस्त्या जातीनुसार वसलेल्या होत्या आणि पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांची वस्ती गावाच्या कडेला, वेगळी असे, म्हणून "घर कोणत्या बाजूला?" या प्रश्नाचे उत्तर जातीचे उत्तर असते. कुलदैवत हे घराण्याचे दैवत असते आणि त्यावरून घराणे कोणत्या समाजातले याचा अंदाज बांधला जातो. डॉ. आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला, त्यामुळे महाराष्ट्रातली व्यक्ती "आम्ही बौद्ध" असे म्हणते तेव्हा ऐकणाऱ्या मराठी माणसाला तिची पूर्वाश्रमीची जात बहुधा कळलेली असते, अमेरिकन माणसाला कळत नाही. ही तारीख अवश्य सांगा. तपास अधिकाऱ्याला ती कोणत्याही ग्रंथालयात पडताळता येते.

आणि पोळीचा तुकडा, खाली गेलेली मान, "अच्छा, अच्छा" हे शब्द, हे सगळे जसेच्या तसे सांगा. तुम्ही इथे लिहिलेला तो परिच्छेद मी दोनदा वाचला. त्यात एकही शब्द वाढवू नका. छापून सोबत न्या, आणि वहीची मूळ पाने घरीच ठेवून प्रती तेवढ्या द्या.

तळ्याकाठी

मंगळवारी कोणी सोबत हवे असेल तर माझी पत्नी येईल. मला तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाचा फार आधार वाटला होता. निरोपाच्या पेटीत नंबर पाठवला आहे.